कूपन एका हाताचं

मखमलाबाद,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप आक्का,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे कागदावरच वाकले आहे. मी पूर्ण वाकले असं धरून आशीर्वाद द्या.) तुमचा गुडघा, दाजींची शुगर आणि तुमच्या तांबड्या गाईचं चौथं वेत, या तिन्हींची काळजी इथे सगळ्यांना आहे, आणि त्यातल्या त्यात गाईची जास्त, कारण ती स्वतःहून काही सांगत नाही. तिकडे चांदवडला लाल कांदा काढणीला आला असेल. इकडे टोमॅटोचे शेवटचे तोडे चालू आहेत, झेंडू दिवाळीत संपला, आणि तुमचे भाऊ सुखरूप आहेत, म्हणजे सकाळपासून चष्मा शोधत आहेत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर तुमचे भाऊ फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलत नाहीत आणि मला बोलू देत नाहीत, त्यामुळे आपल्या घरातली गोष्ट आधी गल्लीला कळते आणि मग मला. शिवाय मागे मी बिघडलेल्या अनारशांबद्दल तुम्हाला एक खाजगी व्हॉइस मेसेज पाठवला होता, तो तुम्ही चुकून भावकीच्या ग्रुपवर टाकलात. चुकूनच टाकलात, माझा पूर्ण विश्वास आहे. कागद तसा फॉरवर्ड होत नाही. करायचाच म्हटलं तर झेरॉक्स काढायला तुम्हाला बाजारपेठेपर्यंत चालत जावं लागेल, आणि तुमचा गुडघा दुखतोय.

आपल्या स्वराजच्या सुपारीला तुम्ही आला नाहीत. (निरोप उशिरा मिळाला असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. महिनाभर आधी दिला होता. एवढा उशीर झाला त्याबद्दल माफी असावी.) त्यामुळे आमच्या होणाऱ्या विहीणबाई तुम्ही पाहिलेल्या नाहीत. मोहिनीताई त्यांचं नाव. गंगापूर रोडला राहतात, आवाज कधी चढवत नाहीत, आणि साडीची घडी दिवसभर मोडत नाही अशा बाई आहेत. त्यांची स्नेहल आपल्या स्वराजच्याच कंपनीत, सातपूरला, ऑफिसात कामाला आहे. मुलगी फार चांगली आहे. हे मी खरंच लिहितेय. या पत्रात जिथे खरंच लिहीन तिथे तसं सांगत जाईन, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

तर सुपारीच्या दिवशी पहाटे मी दोन मजूर बायकांबरोबर टोमॅटोचा तोडा केला होता, कारण सुपारी आहे म्हणून टोमॅटो थांबत नाहीत. तुम्ही कांद्याची माणसं, तुम्हाला कल्पना नसेल. टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा चीक हाताला बसतो आणि दोन तासांत काळा होतो. साबण लावला की साबण काळा होतो, हात आहे तसाच राहतो. तसे हात घेऊन मी हळदीकुंकवाला बसले. मोहिनीताईंनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला (गिऱ्हाईक वांगं किडकं आहे का बघतं तसा) आणि म्हणाल्या, “किती राबलेत हो हात तुमचे. काहीतरी करायला हवं.” मी म्हटलं, “केलंय की. सकाळीच तोडा केलाय.” कोणी हसलं नाही. बाजूच्या बायका मात्र पुढचा अर्धा तास माझ्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघून बोलत होत्या.

पुढच्या रविवारी स्नेहल एक गुलाबी पाकीट घेऊन आली. आत कूपन. कॉलेज रोडच्या एका नखांच्या दुकानात हात स्वच्छ करून, नखं लावून, रंगवून मिळणार, तेही फुकट. “आईनं दिलंय. साखरपुड्याच्या आधी जाऊन या आई, फोटोत हातच येतात हो सगळे,” असं ती पोर इतक्या मायेनं म्हणाली की मला राग कोणावर काढावा ते कळेना. मग मी तो भांड्यांवर काढला. दोन दिवस अशी जोरात भांडी घासली की तुमचे भाऊ स्वतःहून उठून शेतावर गेले. जाताना म्हणाले, “फुकट आहे ना, मग जा की.” माणसानं माझ्या मनातलं एवढं जाणावं म्हणजे काय. पण मी विचार केला, गेले नाही तर विहीणबाई म्हणतील, मुलाच्या आईला कौतुक घेता येत नाही. साखरपुडा येत्या रविवारी. आधीच हे लोक शहरातले, आपण शेतातले. पहिलीच गाठ अशी बसायला नको, म्हणून काल सोमवारी, ठेवणीतलं पैठणी काठाचं नेसून, मी सिटी बसनं कॉलेज रोडला गेले.

दुकान दुसऱ्या मजल्यावर. पाटीवर नाव इतक्या वळणदार इंग्रजीत आहे की ते कोणाला वाचता येऊ नये अशीच इच्छा असावी. दारात एकीनं चपलांवर घालायला निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या. त्या घालून मी घसरत घसरत काउंटरपर्यंत पोहोचले तेव्हा बरोबर अकरा वाजले होते. ही वेळ लक्षात ठेवा. काउंटरवरच्या मुलीनं कूपन बघितलं, संगणकात बघितलं, माझ्याकडे मात्र बघितलं नाही, आणि म्हणाली, “कूपनला अपॉइंटमेंट लागते मॅम. पण तुम्ही बसा मॅम.” मग एक फॉर्म दिला. त्यात अठरा प्रश्न होते. नखं कुरतडता का, मागचं मॅनिक्युअर केव्हा केलं, दिवसातून किती वेळ हात पाण्यात असतात. (मी लिहिलं, पाटाच्या पाण्याला आपली बारी असेल त्यावर.) नखांकडून तुमच्या अपेक्षा काय आहेत, असाही एक प्रश्न होता. आक्का, लग्न ठरवताना मला कोणी नवऱ्याकडून अपेक्षा विचारल्या नव्हत्या. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी लिहिलं, टिकावीत.

तेवढ्यात मॅनेजर आला. योगेश म्हणून. कानात यंत्र, अंगात काळा कोट, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते सकाळी दुकान उघडताना चढवतात आणि शटर पाडताना उतरवतात. हात जोडून म्हणाला, “आमच्याकडे कस्टमर म्हणजे फॅमिली मेंबर, मॅम.” आणि शब्दाला जागला. मला अगदी घरच्यासारखं वागवलं. कोणी पाणी विचारलं नाही, जो तो जाता येता “बसलात का? बसा” म्हणून गेला, आणि मागून आलेल्यांचं आधी झालं. लग्न होऊन आल्यापासून मला इतकं घरच्यासारखं कुठेच वाटलं नव्हतं. (तुमच्याबद्दल म्हणत नाही.)

बसायला एक पांढरा सोफा होता, इतका खोल की त्यात बसलेलं माणूस मदतीशिवाय उठू शकत नाही. गिऱ्हाईक पळून जाऊ नये म्हणून असेल. समोर काचेच्या मोठ्या बरणीत पाणी, त्यात लिंबाच्या आणि काकडीच्या चकत्या तरंगत होत्या, कोणी कोशिंबीर करायला घेतली आणि हातून पाणी जास्त पडलं अशी. माझ्यानंतर दोन कॉलेजच्या मुली आल्या, रंगून गेल्या. एक नवरी आली, तिच्या तीन मैत्रिणी आल्या, त्यातल्या एकीला काहीच करायचं नव्हतं, तिचंही करून झालं. दर वीस मिनिटांनी योगेश यायचा आणि “बस पाच मिनिटं मॅम” असं सांगायचा. मी पंचवीस वर्षं बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. गिऱ्हाईक उभं राहिलं की आपण आधी त्याच्याकडे बघतो, मग तराजूकडे. एवढीच माझी शाळा. पण मी गप्प राहिले. साखरपुडा आहे, मंजुषा, असं स्वतःला चार वेळा बजावलं.

साडेबाराला माझा नंबर लागला. मला घ्यायला आलेली बाई तिशीची असेल, तोंडाला मास्क, छातीवर बिल्ला, त्यावर ‘बेला’. तिनं माझा डावा हात घेतला, कुठलासा गुलाबी फेस लावला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा लावल्यावर फेस काळा झाला, हात होता तसाच. ती थांबली. इकडे तिकडे बघून मास्क जरा खाली केला आणि हळूच म्हणाली, “मावशी, टमाटी तोडता काय?”

मला इतकं बरं वाटलं, आक्का, की विचारू नका. दीड तास मॅम ऐकल्यावर कोणीतरी मावशी म्हटलं होतं. तिचं खरं नाव भागी. पेठ तालुक्याकडची. बेला हे नाव गिऱ्हाइकांना घ्यायला सोपं पडतं म्हणून दुकानानं दिलंय. लहानपणी आईबापाबरोबर सहा हंगाम ती गिरणाऱ्याकडे टोमॅटो तोडायला यायची. म्हणाली, “ह्या फेसानं नाय जायचं ते. लिंबू लागतं.” आणि सरळ उठून त्या बरणीतल्या चार चकत्या चिमट्यानं काढून आणल्या. एकेक नख धरून चोळलं. काळं पाणी होऊन सगळं वाटीत उतरलं. हे खरं लिहितेय : माझ्या डाव्या हाताची नखं पांढरी आहेत हे मी कित्येक वर्षांनी पाहिलं.

मग तिनं नखं घासून वर नवी नखं बसवली. रंगाच्या शंभरेक बाटल्या पुढे ठेवल्या. मी कोवळ्या वांग्याचा रंग दाखवला. त्याला तिथे वेगळंच काहीतरी इंग्रजी नाव आहे, दारूचं. बोटं एका जांभळ्या दिव्याच्या पेटीत घालायची, की रंग वाळतो. डावा हात तयार झाला. मी तो लांब धरून बघत होते, एवढ्यात योगेश येऊन उभा राहिला.

“मॅम, तुमचा स्लॉट ओव्हर झाला.”

मी म्हटलं, काय झालं? त्यानं कूपन उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली. सोमवार ते गुरुवार, अकरा ते एक. घड्याळात एक वाजला होता.

“मी अकराला आले होते,” मी म्हटलं.

“हो मॅम. पण सर्व्हिस साडेबाराला सुरू झाली.”

“मग उजवा हात?”

“तो रेग्युलर चार्जनं होईल मॅम. आणि आजचा स्लॉट नाही. गुरुवारी बघतो.”

“म्हणजे मी एका हातानं घरी जायचं?”

त्यानं संगणकात बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “सिस्टीममध्ये एका हाताचं ऑप्शनच नाही, मॅम. सिस्टीमप्रमाणे तुमचं पूर्ण झालंय.”

आक्का, मी दोन्ही हात त्याच्यापुढे टेबलावर ठेवले. डावा असा की एखाद्या मंत्र्याच्या बायकोनं विसरून ठेवलाय, आणि उजवा मनगटापर्यंत काळा. त्याला म्हटलं, बाजारात कोणी किलोभर टोमॅटो मागितले, मी अर्धा किलो मोजले आणि म्हटलं, बाई, तुमची वेळ संपली, तर काय होईल? तो म्हणाला, “मॅम, ते वेगळं.” मी म्हटलं, वेगळं आहेच, तिथे लोक मला टोपलीसकट उचलतील. आणि मी हलले नाही. खुर्चीत बसून राहिले. मागे पुढची नवरी उभी, तिच्या आत्या उभ्या, मी आपली बसलेली. बसण्याची सवय मला दुकानानंच लावली होती.

आता योगेशला कोणावर तरी ढकलणं भाग होतं. त्याची नजर वाटीतल्या काळ्या चकत्यांवर गेली. “बेला, गेस्टचं पाणी वापरलंस तू? म्हणूनच उशीर झाला. एका हाताला अर्धा तास?” भागीनं वाटी नुसती मागे सरकवली. मी म्हटलं, गेस्टचं पाणी आहे तर मी कोण? तर त्यानं माझ्यापुढे एक पाटीसारखा टॅब धरला. त्यावर पाच तोंडं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. “तुमचा फीडबॅक द्या मॅम. आम्ही सीरियसली घेतो.”

माझं बोट रडक्यावर जाणारच होतं. (काळं बोट. पांढऱ्या पाटीवर ते फार शोभलं असतं.) तेवढ्यात भागी टेबल पुसण्याच्या निमित्तानं वाकली आणि खालमानेनं म्हणाली, “मावशी, ते दुकानाला नाय लागत, आम्हाला लागतं. तीन रडकी झाली का काढतात. माझी दोन झालीत.” एक रडकं तोंड एका बाईची अंगठी हरवली म्हणून मिळालं होतं. अंगठी तिच्याच पर्समध्ये सापडली, तोंड मात्र रडकंच राहिलं. दुसरं, लाइट गेली म्हणून.

तर अशी गंमत होती. दीड तास बसवलं दुकानानं, अर्धं सोडलं दुकानानं, आणि मी बोट ठेवलं असतं तर त्या संबंध दुकानात एकच काम करणारं माणूस होतं ते घरी गेलं असतं. टॅब मी उलटा ठेवला. योगेशला विचारलं, तुझ्या वर कोण आहे? म्हणाला, ओनर मॅम. म्हटलं नंबर दे. त्यानं फार आनंदानं दिला नाही.

फोन मी उजव्या हातानं लावला आणि (तुमच्या भावाच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार) स्पीकरवर टाकला. पलीकडून हॅलो यायच्या आत मी सुरू झाले. म्हटलं, बाई, तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला दीड तास बसवून, अर्धं रंगवून, उरलेलं अर्धं घरी पाठवतात. तुम्ही मालकीण आहात की नुसत्या पाटीवर आहात? लिंबाचं पाणी मोजता आणि माणसं मोजत नाही. असली कूपनं वाटणारी बाई मला एकदा बघायची आहे.

मग एक न चढलेला आवाज आला, “मंजुषाताई?”

सुपारीला स्नेहल म्हणाली होती, आईचा कॉलेज रोडला स्टुडिओ आहे. आम्ही समजलो फोटो स्टुडिओ. तुमच्या भावानं तर मोहिनीताईंना लग्नाच्या अल्बमचं विचारूनही ठेवलं होतं, आणि त्या का हसल्या ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांना वाटलं आम्हाला ठाऊक आहे, आम्हाला वाटलं त्यांना अल्बम जमत नाही. आणि आता सगळं दुकान, नवरी, तिच्या आत्या, सगळे माझ्या फोनकडे बघत होते. मी म्हटलं, “हो, मीच. कूपन छान आहे हो.”

त्या म्हणाल्या, तिथेच थांबा, येते. ती पंधरा मिनिटं मला त्या दीड तासापेक्षा मोठी गेली. स्वराजचा चेहरा डोळ्यापुढे आला. पोरानं स्नेहलचं नाव तीन वर्षं मनात ठेवून मग घरी सांगितलं होतं, आणि आईनं जमलेलं लग्न कॉलेज रोडला स्पीकरवर मोडलं. पळून जावं म्हटलं तर चपलांवर पिशव्या. योगेश आता मात्र पाण्याचा ग्लास घेऊन माझ्या डोक्याशी उभा होता.

मोहिनीताई आल्या. माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघितले. कूपन मागून पुढून वाचलं. योगेशला विचारलं, “अकरा ते एक, ही अट कोणी घातली?”

तो म्हणाला, “तुम्हीच, मॅम.”

त्यावर मोहिनीताईंनी कूपन दुमडून पर्समध्ये टाकलं. मग पदर खोचला, ॲप्रन बांधला आणि भागीच्या स्टुलावर बसल्या. भागीला म्हणाल्या, लिंबू आण. बरणीतलं सगळं आण.

माझा उजवा हात त्यांनी स्वतः चोळला. हातमोजे काढून ठेवले होते, आणि तेव्हा मी त्यांची बोटं जवळून पाहिली. वरून रंग, पण खाली पेरापेराला कातडी सोललेली, भेगा पडलेल्या. माझ्या लक्षात आलं ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, “ही आमच्या बाटल्यांची कृपा. काम सोडलं तरी जात नाही.” नऊ वर्षांपूर्वी मिस्टरांची सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी हे सुरू केलं होतं. दिवसाला दहा-बारा बायकांचे हात. लिंबू चोळताना त्यांच्या भेगांना झोंबत असणार, पण थांबल्या नाहीत. खाली बघतच म्हणाल्या, “त्या दिवशी मी तुमचा हात धरला तो मलम सांगायला. मी लावते ते. पण सगळ्या बायका बघायला लागल्या, आणि तुम्ही म्हणालात, तोडा केलाय. मग मला सुचेचना.”

मला दोन दिवस घासलेली भांडी आठवली. मी म्हटलं, “मलाही सुचलं नाही.” एवढंच आमचं बोलणं झालं. पण पुष्कळ झालं.

आता उजव्या हाताबद्दल. मोहिनीताईंनी पाच वर्षांत कोणाचं नख रंगवलेलं नाही, आणि ते लपत नाही. वांग्याचा रंग संपला होता म्हणून त्यांनी शेजारचा लावला, तो गाजराचा निघाला. अंगठ्याचं नख कुदळीसारखं झालंय. अनामिकेचं डाव्या बाजूला बघतं. भागी सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. शेवटी मोहिनीताईंनी विचारलं, कसं झालंय? मी म्हटलं, फार सुंदर. गिऱ्हाइकाचा धर्म मलाही पाळता येतो. मग टॅब मागून घेतला आणि भागीच्या नावावर हसऱ्या तोंडावर बोट दाबलं. मोहिनीताईंनाही द्यावं म्हटलं, तर योगेश अडखळत म्हणाला, सिस्टीममध्ये त्यांचं नावच नाही. रडकी तोंडं त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावली. सगळी पाचही तोंडं आता हसरीच ठेवणार आहेत म्हणे, कमी-जास्त. त्यानं दुकान किती सुधारेल ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर तुमच्या भावानं बराच वेळ बघून सांगितलं की दोन हात दोन वेगळ्या बायकांचे वाटतात, आणि त्यातली डावीकडची जरा बरी वाटते. भाकरी थापली तर तिच्यावर पाच चंद्रकोरी उमटल्या. आज सकाळी जुड्या बांधताना करंगळीचं नख मेथीच्या कुठल्या तरी जुडीत गेलं. साठ जुड्या कोण सोडून बघणार? उद्या बाजारात ज्या बाईला मिळेल तिला मी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. बहुतेक, सिस्टीममध्ये तसं ऑप्शन नाही, असंच सांगेन.

दाजींना नमस्कार, गाईच्या पाठीवरून हात फिरवा. रविवारी सगळे या. निरोप आजच देतेय, म्हणजे पुन्हा उशीर झाला असं व्हायला नको.

तुमची,
मंजुषा

ता. क. रविवारी मोहिनीताई भेटल्या की माझी नखं छान झालीत असं म्हणा. कुठल्या हाताची ते म्हणू नका.

ता. क. २. लिहायचं राहिलंच, आणि वरच्या सगळ्याचा याच्याशी काही संबंध नाही. मखमलाबाद रस्त्यावरचा आपला गाळा मामंजींनी तुमच्या आणि यांच्या, दोघांच्या नावानं ठेवलाय. त्यात सध्या फवारणीचा पंप, फुटके क्रेट आणि तुमचं ते लोखंडी कपाट आहे, जे तुम्ही लग्नानंतर लगेच न्यायला येणार होता. काल निघताना मी गाळ्याचं बोलले, तर मोहिनीताई तिथे दुसरं दुकान काढायचं म्हणतायत. भागी ते चालवणार, स्वतःच्या नावाच्या बिल्ल्यानं. भाडेकराराच्या नोंदणीला तुम्ही लागाल. तुमचा वाटा तुम्हाला मिळेल, कपाटही मिळेल.

ता. क. ३. काउंटरवर मी बसणार आहे. गिऱ्हाईक आलं की त्याला जरा वेळ बसवलं पाहिजे, नाहीतर त्याला कामाची किंमत कळत नाही, हे मला आता पटलंय. सोफा बघून ठेवलाय.

ता. क. ४. नोंदणीवाला रविवारीच मशीन घेऊन घरी येणार आहे, आणि त्यावर अंगठा उमटावा लागतो. रेशनच्या मशीनवर तुमचा उमटत नाही हे मला ठाऊक आहे. कांदा कापून कापून रेघाच राहिल्या नाहीत, तरी तुम्ही दर वेळी मशीन खराब आहे म्हणून सांगता. भागीला मी कालच हे सांगितलं. ती म्हणाली, तिच्या आईचाही उमटत नव्हता, आदल्या दिवशी कोमट पाण्यात बोटं भिजवून तेल चोळलं की उमटतो. तेव्हा शनिवारीच मुक्कामाला या. ती सुट्टी टाकून येणार आहे, तुमच्यासाठी.